एका तळाची एक तारीख : सिम्युलेटरमधले मिग-२१ आणि पठाणकोट

प्रस्तावना

संगणकाच्या पडद्यावर विमान चालवण्याचा छंद आता चाळीस वर्षांहून जुना झाला आहे. ब्रूस आर्टविक यांनी ॲपल-२ या घरगुती संगणकासाठी १९७९-८०च्या सुमारास तयार केलेल्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये जमीन म्हणजे आडव्या-उभ्या रेषांची जाळी होती आणि डोंगर म्हणजे काही त्रिकोण; ऑगस्ट २०२० मध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये साऱ्या पृथ्वीची उपग्रहचित्रे जमिनीवर अंथरलेली आहेत आणि वापरणाऱ्याला स्वतःच्या गावावरून घिरट्या घालता येतात. या प्रवासात छंदाला एक निराळी शाखा फुटली. सेवेतून गेलेली लढाऊ जेट विमाने आणि ती ज्या हवाई तळांवरून उडत ते तळ, त्यांच्या कारकिर्दीतल्या एखाद्या ठरावीक काळी होते तसे, सिम्युलेटरमध्ये पुन्हा उभे करण्याची ही शाखा आहे. तिच्यात काम करणारे बहुतेक लोक हौशी आहेत, थोडे व्यावसायिक आहेत, आणि दोघांच्याही कामाची जात पाहिली तर ती खेळापेक्षा इतिहासलेखनाला अधिक जवळची ठरते. कारण साधने गोळा करणे, ती एकमेकांशी ताडून पाहणे, परस्परविरोधी पुराव्यांतून एकाची निवड करणे आणि उरलेल्या रिकाम्या जागा कशाने भरायच्या हे ठरवणे, ही सारी कामे इथेही तशीच करावी लागतात.

हा विषय मोघम मांडला तर त्यातल्या खऱ्या अडचणी दिसत नाहीत, म्हणून इथे एकच उदाहरण धरले आहे: भारतीय हवाई दलाचे मिग-२१ आणि पंजाबातला पठाणकोटचा तळ, आणि तेही १९६३ ते १९७१ या काळापुरते. विमानाची निवड करण्यामागे कारण आहे. १९६३ मध्ये चंडीगडला दिलबाग सिंग यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या २८ स्क्वॉड्रनबरोबर भारतात आलेले हे विमान २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडलाच झालेल्या समारंभात निवृत्त झाले, त्यामुळे ते आता पूर्णपणे इतिहासाच्या कक्षेत आले आहे. महाराष्ट्राच्या दृष्टीने त्याचे नाते याहून जवळचे आहे. सहाशेहून अधिक मिग-२१ विमाने नाशिकजवळच्या ओझर येथील हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात बांधली गेली, तर त्यांची इंजिने ओडिशातल्या कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला तयार होत. तळाची निवड मात्र वेगळ्या कारणासाठी केली आहे. १९६५ आणि १९७१ या दोन युद्धांच्या मधल्या सहा वर्षांत पंजाबातल्या हवाई तळांची रचना इतकी बदलली की एका वर्षाचा पठाणकोट दुसऱ्या वर्षात चालत नाही, आणि या शाखेत सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते नेमके याच बाबीकडे.

विमान बनवणाऱ्याला आवृत्ती निवडावी लागते हे सर्वांना मान्य असते, पण तळ बनवणाऱ्याला तारीख निवडावी लागते याची जाणीव क्वचितच आढळते. बहुतेकांचा मार्ग असा असतो की आजचे उपग्रहचित्र घ्यावे, त्यावरची नवी विमानघरे पुसावीत, काही जुन्या बराकी बसवाव्यात, कडेला जुन्या विमानांच्या रांगा लावाव्यात आणि त्याला ‘शीतयुद्धकालीन तळ’ असे नाव द्यावे. अशा तळाला कोणतीच तारीख नसते. त्यावर १९६५ची विमाने १९७१च्या निवाऱ्यांत उभी असतात आणि दोघांच्या डोक्यावर १९९०च्या दशकातला दिव्यांचा मनोरा असतो. दिसायला तो सुरेख असू शकतो, पण त्यावरून उड्डाण करणाऱ्याला त्या काळाबद्दल काहीही कळत नाही, उलट काही चुकीच्या गोष्टी पक्क्या होतात.

पठाणकोटच्या बाबतीत तारीख का महत्त्वाची आहे हे ६ सप्टेंबर १९६५च्या संध्याकाळवरून स्पष्ट होते. त्या दिवशी पाकिस्तानी हवाई दलाच्या आठ सेबर विमानांनी सज्जाद हैदर यांच्या नेतृत्वाखाली या तळावर हल्ला केला आणि जमिनीवर उभी असलेली दहा विमाने नष्ट केली: सहा मिस्तेर, दोन मिग-२१, एक नॅट आणि एक पॅकेट हे मालवाहू विमान. या एका यादीतूनच तळाचे चित्र उलगडत जाते. फ्रेंच बनावटीची मिस्तेर, ब्रिटिश आराखड्याची नॅट, सोव्हिएत मिग आणि अमेरिकन पॅकेट एकाच तळावर, एकाच वेळी उभी होती. म्हणजे चार देशांच्या यंत्रसामग्रीला लागणाऱ्या शिड्या, इंधनगाड्या, वीजपुरवठ्याच्या गाड्या आणि दारूगोळा वाहून नेणाऱ्या ढकलगाड्या त्या काँक्रीटवर असणे भाग होते. सिम्युलेटरमध्ये जेव्हा सगळ्या विमानांभोवती एकाच नमुन्याची शिडी आणि एकाच नमुन्याचा टँकर पुन्हा पुन्हा चिकटवलेला दिसतो, तेव्हा या गोंधळाचा आणि त्यामागच्या इतिहासाचा मागमूस राहत नाही. या नुकसानीनंतर हवाई दलाने पश्चिम सीमेवरच्या तळांवर विमाने विखरून ठेवण्याची व्यवस्था सुधारली आणि पक्के काँक्रीटचे निवारे मोठ्या प्रमाणावर बांधले. त्यामुळे ३ डिसेंबर १९७१च्या संध्याकाळी पाकिस्तानने पठाणकोटसह अनेक तळांवर अचानक हल्ले केले तेव्हा धावपट्ट्यांना इजा झाली, पण निवाऱ्यांतली विमाने जवळपास सारी वाचली. म्हणून १९६५चा तळ बनवताना उघड्यावर उभी विमाने दाखवणे आणि १९७१चा तळ बनवताना तीच विमाने नजरेआड ठेवणे, हा तपशील शोभेपुरता राहत नाही. दोन युद्धांमधला फरक त्यातच आहे.

तारखेचा प्रश्न तळाच्या कुंपणाशी थांबत नाही. पठाणकोटहून उडालेल्या वैमानिकाला खाली काय दिसत होते हे ठरवताना मोठमोठे जलाशय नकाशावरून उचलावे लागतात. आजच्या उपग्रहचित्रात पठाणकोटच्या उत्तरेला रावी नदीवरचा रणजितसागर जलाशय आणि आग्नेयेला बियास नदीवरच्या पोंग धरणाचा विस्तीर्ण जलाशय ठळकपणे दिसतात. रणजितसागर धरण २००१ मध्ये पुरे झाले आणि पोंग धरण १९७४ मध्ये. म्हणजे दोन्ही युद्धांच्या वेळी यांपैकी एकही जलाशय नव्हता. याउलट सतलजवरचे भाक्रा धरण १९६३ मध्ये राष्ट्राला अर्पण झाले असल्याने गोविंदसागर मात्र १९६५च्या दृश्यात हवाच. दिशा ओळखण्यासाठी वैमानिक नद्या आणि पाण्याचे साठे वापरत असत, त्यामुळे जिथे तेव्हा शेती आणि वस्ती होती तिथे पाण्याचा आरसा दाखवणे म्हणजे त्यांच्या हाती चुकीचा नकाशा देण्यासारखे आहे.

पाणी पुसले की काम झाले असे मात्र नाही. सिम्युलेटरमधली जमीन दोन थरांची असते: वर चित्र आणि खाली उंचीचे आकडे. उंचीचे आकडे बहुधा फेब्रुवारी २००० मधल्या अवकाशयानाच्या मोहिमेतून आलेले असतात. त्या अकरा दिवसांच्या मोहिमेत रडारच्या साहाय्याने पृथ्वीच्या बऱ्याच भागाची उंची मोजली गेली, आणि रडारला पाण्याखालचे दिसत नसल्याने जलाशयांच्या जागी त्या वेळची पाण्याची सपाट पातळी नोंदली गेली. वरचे निळे चित्र काढून हिरवे शेत लावले तरी खाली सपाट टेबलासारखी जमीन उरते आणि डोंगरांमधोमध मैदान पसरल्याचा विचित्र देखावा तयार होतो. अशा जागी नदीचे जुने पात्र आणि दरी पुन्हा खोदावी लागते. त्यासाठी धरणापूर्वीचे नकाशे शोधावे लागतात. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने स्थलदर्शक नकाशे, किंवा अमेरिकी लष्कराच्या नकाशा विभागाने १९५०च्या दशकात भारतीय उपखंडासाठी छापलेली अडीच लाखांत एक प्रमाणाची मालिका इथे उपयोगी पडते. समोच्चरेषा, म्हणजे समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, एकेक करून गिरवायच्या आणि त्यांच्यावरून जमिनीचा पृष्ठभाग पुन्हा बांधायचा, हे काम कंटाळवाणे आहे आणि ते केल्याचे कुणाच्या सहसा लक्षातही येत नाही. पोंगच्या पाण्याखाली गेलेले हल्दून खोरे आणि तिथून उठलेली हजारो कुटुंबे लक्षात घेतली, तर हे बांधकाम निव्वळ लष्करी इतिहासापुरते राहत नाही, हेही जाता जाता नोंदवायला हवे.

तळाच्या प्रत्यक्ष मांडणीसाठी सर्वांत भरवशाचे साधन एका अनपेक्षित दिशेने मिळाले आहे. अमेरिकेने १९६० ते १९७२ या काळात ‘कोरोना’ नावाचा गुप्त टेहळणी कार्यक्रम चालवला. त्यातले उपग्रह फिल्मवर छायाचित्रे घेत, फिल्मची कुपी पॅराशूटने खाली सोडली जाई आणि विमानाने ती हवेतच पकडली जाई. १९९५ मध्ये ही आठ लाखांहून अधिक चित्रे खुली करण्यात आली आणि भारत-पाकिस्तानातले त्या काळचे बहुतेक मोठे हवाई तळ अभ्यासकांच्या हाती आले. त्यांची मर्यादा समजून घेणे मात्र आवश्यक आहे. १९६५च्या सुमाराच्या चित्रांत जमिनीवरचा सुमारे पावणेतीन मीटरचा भाग एका ठिपक्यात येतो. मिग-२१च्या पंखांचा विस्तार ७.१५ मीटर असल्याने ते विमान जेमतेम अडीच-तीन ठिपक्यांत मावते, म्हणजे विमान आहे एवढे कळते, कोणते ते कळत नाही. धावपट्टी, टॅक्सी-मार्ग, विमाने उभी करण्याच्या फरसबंद जागा आणि मोठी विमानघरे मात्र स्वच्छ दिसतात. काँक्रीट पांढरे आणि डांबर काळे दिसत असल्याने धावपट्टी केव्हा वाढवली हेही ओळखता येते. जुन्या आणि नव्या भागांच्या रंगांमधली सीमारेषा वर्षानुवर्षे टिकून राहते. चित्र कोणत्या तारखेला आणि किती वाजता घेतले हे ठाऊक असले तर सूर्याची उंची काढता येते, आणि सावलीच्या लांबीवरून इमारतीची उंची. नियंत्रण-मनोऱ्याचे एकही जमिनीवरचे छायाचित्र उपलब्ध नसले तरी त्याची उंची अशा रीतीने बऱ्यापैकी ठरवता येते; रंग मात्र ठरवता येत नाही, आणि तो अंदाजाने दिला असल्यास तसे नमूद करणे हे कामाच्या प्रामाणिकपणाचे अंग आहे.

विमानाकडे वळल्यावर प्रश्न उलट होतात. तिथे माहितीची टंचाई नसते, पण ती भलत्याच आवृत्तीची असते. मिग-२१ हे नाव एका विमानाचे नसून तीस वर्षे बदलत गेलेल्या कुटुंबाचे आहे. १९६५च्या युद्धात भारताकडे सुरुवातीची मोजकीच विमाने होती आणि त्यांतल्या पीएफ प्रकारावर तोफच नव्हती. त्याची सारी भिस्त उष्णतेचा माग काढणाऱ्या दोन क्षेपणास्त्रांवर होती. ४ सप्टेंबर १९६५ रोजी पठाणकोटजवळ मिग-२१चे वैमानिक मॅली वोलेन यांनी एका सेबरवर सोडलेली दोन्ही क्षेपणास्त्रे हुकली आणि त्यानंतर त्यांच्या हाती मारा करायला काहीच उरले नाही. १९७१पर्यंत मुख्य प्रकार एफएल हा झाला होता. त्यालाही अंगची तोफ नव्हती, पण पोटाखाली तोफेची स्वतंत्र पेटी लावण्याची सोय केली गेली होती. ज्याच्या पंखांखाली शस्त्रे टांगण्याची चार टोके आहेत, ज्याची पाठ फुगीर आहे आणि ज्याच्या धडातच तोफ बसवलेली आहे ते बिस, हवाई दलात आले ते १९७१च्या युद्धानंतर काही वर्षांनी. सिम्युलेटरच्या जगात मात्र २०१४ मध्ये डीसीएस या मंचासाठी प्रकाशित झालेले बिस हेच सर्वांत तपशीलवार मिग-२१ आहे, त्यामुळे त्यावर भारतीय चक्रे आणि हिरवे-तपकिरी पट्टे रंगवून १९७१च्या मोहिमा उडवण्याची रीत पडली आहे. ही तडजोड समजण्यासारखी आहे, पण तिचा परिणाम दिसण्यापुरता मर्यादित नाही. बिसच्या आर-२५ इंजिनाचा आफ्टरबर्नरसह जोर सुमारे ७,१०० किलोग्रॅम आहे आणि आणीबाणीच्या टप्प्यात तो आणखी वाढतो. एफएलच्या आर-११ इंजिनाचा सुमारे ६,२००. आफ्टरबर्नर म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंत पुन्हा इंधन जाळून जोर वाढवण्याची सोय. एवढा जास्तीचा जोर हाताशी असलेला खेळाडू ज्या लढाया सहज जिंकतो त्या १९७१च्या वैमानिकाला कशा लढाव्या लागल्या हे त्याला कळणे शक्य नाही.

विमानाचा बाह्य आकार घेण्यासाठी आज प्रामुख्याने छायाचित्रमितीचा, म्हणजे एकाच वस्तूच्या अनेक कोनांतून घेतलेल्या, एकमेकांवर चढणाऱ्या छायाचित्रांतून तिची त्रिमिती काढण्याच्या तंत्राचा वापर होतो. चौथऱ्यावर उभी केलेली मिग-२१ विमाने देशभर आहेत आणि हौशी मंडळी त्यांच्याभोवती प्रदक्षिणा घालून शेकडो छायाचित्रे घेतात. अशा विमानांवर पूर्ण विसंबणे धोक्याचे असते. शोभेसाठी मांडताना त्यांची चाके पक्की जोडलेली असतात आणि धक्के शोषणारे पाय एक तर पूर्ण ताणलेले किंवा आधारावर टेकलेले असतात, त्यामुळे इंधन भरून धावपट्टीवर उभ्या असलेल्या विमानाची उंची आणि नाकाचा कोन त्यावरून कळत नाही. रंगाचे थरांवर थर चढल्याने पत्र्यांचे सांधे आणि रिव्हेटची डोकी बुजलेली असतात, आणि शेपटीवरचा क्रमांक पुष्कळदा दुसऱ्याच विमानाचा असतो. इथे ओझरच्या कारखान्याचे महत्त्व पुढे येते. कोणता पत्रा कुठल्या कडेवर चढतो, कोणते झाकण रोज उघडले जाई आणि म्हणून त्याच्या कडेचा रंग आधी उडे, कुठल्या फटीतून तेल झिरपून पोटावर काळा ओघळ येई, हे वैमानिकापेक्षा जुळणी आणि दुरुस्ती करणाऱ्या कामगारांना अधिक नेमके माहीत असते. नाशिक परिसरात अशी हजारो निवृत्त माणसे आहेत, बहुतेकांची भाषा मराठी आहे, आणि त्यांच्या आठवणींची पद्धतशीर नोंद घेण्याचे काम वैमानिकांच्या आठवणींच्या तुलनेत फारच मागे राहिले आहे. वैमानिकांनी पुस्तके लिहिली. फिटरने सहसा लिहिले नाही.

कॉकपिटमध्ये पुनर्रचनेची कसोटी सर्वांत कडक होते, कारण सिम्युलेटर चालवणाऱ्याची नजर तासन्‌तास तिथेच असते. मिग-२१च्या कॉकपिटला निळसर हिरवा रंग असतो, आणि समोरच्या फलकाच्या मधोमध एक उभी पांढरी रेघ असते. विमान गिरकीत सापडून फिरत खाली येऊ लागले की वैमानिकाला दिशेचे भान राहत नाही, आणि दांडा मध्यावर आहे की नाही हे हाताला कळत नाही. तेव्हा दांडा त्या रेघेकडे नेऊन धरायचा, एवढाच तिचा उपयोग. इंधनमापकाची कथा याहून बोलकी आहे. तो टाकीत उरलेले इंधन मोजतच नाही. उड्डाणापूर्वी टाक्यांत किती इंधन भरले तो आकडा त्यावर हाताने लावायचा असतो, आणि इंजिनाकडे जाणारा प्रवाह मोजत तो आकडा खाली उतरत जातो. आकडा चुकीचा लावला, किंवा गोळी लागून टाकी गळू लागली, तरी मापक शांतपणे जुनाच हिशेब दाखवत राहतो. ब्रेकही असेच वेगळे आहेत. पुढचे चाक मोकळे फिरते, त्याला सुकाणू नाही. दांड्यावरची मूठ दाबली की दाबाखालची हवा ब्रेकमध्ये जाते आणि पायातली पेडल ज्या बाजूला दाबलेली असतील त्या बाजूचे चाक अधिक धरते. प्रत्येक दाबाबरोबर फुस्स असा आवाज येतो. टॅक्सी-मार्गावरून जाताना विमान या फुसफुसाटाच्या तालावर नागमोडी चालते. ज्या सिम्युलेटरात जमिनीवर विमान मोटारगाडीसारखे वळते, त्यात पत्र्यावरची प्रत्येक रिव्हेट बरोबर असली तरी ते मिग-२१ नसते.

या शेवटच्या निरीक्षणातून उड्डाणप्रतिमानाचा प्रश्न येतो. विमानावर कोणत्या वेगाला, कोणत्या कोनात किती बल पडेल हे सांगणाऱ्या गणिताला उड्डाणप्रतिमान म्हणतात आणि ते दोन मार्गांनी बांधले जाते. पहिल्या मार्गात पवनबोगद्यातले किंवा प्रत्यक्ष उड्डाणातले आकडे तक्त्यांत भरले जातात आणि संगणक दर क्षणी त्या तक्त्यांतून योग्य आकडा उचलतो. जेएसबीसिम हे खुले प्रतिमान या जातीचे आहे. दुसऱ्या मार्गात पंख आणि शेपटी यांचे लहान लहान तुकडे कल्पून प्रत्येकावरचे बल स्वतंत्रपणे काढले जाते आणि मग त्यांची बेरीज केली जाते. एक्स-प्लेन या सिम्युलेटरची ख्याती यासाठी आहे. आकारावरून वागणूक काढणारा दुसरा मार्ग आकर्षक वाटतो, पण मिग-२१सारख्या विमानात त्याच्यावर पूर्ण भरवसा टाकणे शहाणपणाचे नाही. सत्तावन्न अंश मागे झुकलेल्या कडेच्या त्रिकोणी पंखावर, विमानाचे नाक वर उचलल्यावर, हवेचे भोवरे तयार होतात आणि उचल टिकून राहत असतानाच हवेचा विरोध झपाट्याने वाढतो. विमान इतर विमानांसारखे एकदम कोसळत नाही. ते वेग गमावत, नाक वर ठेवूनच, खाली बसू लागते. तुकड्यांची बेरीज करणाऱ्या गणितात हा भोवऱ्यांचा परिणाम आपोआप येत नाही, तो वेगळा घालावा लागतो. त्यात इंजिनाचा मंदपणा भर घालतो, कारण थ्रॉटल पुढे केल्यापासून जोर मिळेपर्यंत काही सेकंद जातात, आणि ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने उतरणाऱ्या विमानाला ते सेकंद परवडत नाहीत. उन्हाळ्यातल्या पंजाबात हवा तापून विरळ होते, इंजिनाचा जोर घटतो आणि धाव लांबते. हे तापमानही प्रतिमानात धरलेले नसेल तर थंड हवेच्या प्रमाण दिवसाचे आकडे जून महिन्यात वापरले जातात.

आकड्यांच्या पलीकडे एक क्षेत्र आहे जे पुस्तिकेत लिहिलेले नसते, ते म्हणजे विमान वापरण्याची रीत. खूप उंचीवर बॉम्बफेकी विमाने अडवण्यासाठी आखलेले मिग-२१ डिसेंबर १९७१ मध्ये ढाक्याच्या तेजगाव विमानतळाच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकण्यासाठी तीव्र उतारावरून खाली सोडले गेले, आणि १४ डिसेंबरला त्याने ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाउसवर रॉकेटचा मारा केला. त्या उड्डाणाचे नेतृत्व करणाऱ्या बिश्नोई यांना ऐन वेळी बदललेले लक्ष्य शोधण्यासाठी पर्यटकांसाठी छापलेला ढाक्याचा नकाशा वापरावा लागला. सिम्युलेटरमधली कामगिरी आखणाऱ्याने वैमानिकाला अचूक अक्षांश-रेखांश आणि हलता नकाशा दिला, तर विमान खरे, शहर खरे आणि तरीही प्रसंग खोटा होतो. पी. व्ही. एस. जगन मोहन आणि समीर चोप्रा यांच्या १९६५च्या हवाई युद्धावरील आणि त्यानंतरच्या बांगलादेशविषयक ग्रंथांमुळे अशा तपशिलांचा मोठा साठा आता उपलब्ध आहे, आणि त्यांचा उपयोग तळ बांधणाऱ्यांनी अजून पुरेसा केलेला नाही.

तारखेचा हाच नियम महाराष्ट्र-गोव्याच्या किनाऱ्यावर लावून पाहण्यासारखा आहे. गोवा मुक्तीच्या कारवाईत १८ डिसेंबर १९६१च्या सकाळी पुण्याहून निघालेल्या बारा कॅनबेरा विमानांनी गोव्यातल्या दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले; टर्मिनल इमारतीला हात न लावण्याची सूचना होती. धावपट्टी पुरती निकामी न झाल्याने दोन मोठी पोर्तुगीज प्रवासी विमाने त्याच रात्री अंधारात निसटली. सिम्युलेटरमध्ये आजच्या दाबोळीवरून ही घटना करून पाहायला गेल्यास तीतले काहीच जुळत नाही: धावपट्टीची लांबी वेगळी, भोवतालची वस्ती वेगळी, आणि नौदलाच्या विमानतळाचे जे रूप पुढे आले, ज्याच्यावरून विक्रांत या विमानवाहू नौकेची सी हॉक आणि नंतर सी हॅरियर विमाने उडाली, त्याचा तेव्हा पत्ताही नव्हता. एका दाबोळीच्या किमान तीन दाबोळी कराव्या लागतात.

युरोपात हे काम पुष्कळ पुढे गेले आहे आणि त्याला परिस्थितीची साथ आहे. ब्रिटनमध्ये लाइटनिंग या विमानाचा बिनब्रुक तळ १९८८ मध्ये विमानाबरोबरच बंद झाला, त्यामुळे शेवटची तारीख आपोआप ठरली. स्वीडनमध्ये व्हिगेन हे विमान २००५ मध्ये निवृत्त झाले, त्याची एक प्रत अजून उडती ठेवलेली आहे, आणि २०१७ मध्ये डीसीएससाठी आलेल्या त्याच्या पुनर्रचनेत, उतरल्याबरोबर इंजिनाचा जोर उलटवून महामार्गाच्या तुकड्यावर थांबण्याची पद्धत अनुभवता येते. भारतातल्या अभ्यासकाला यांपैकी काहीच मिळत नाही.

त्याचे मुख्य कारण असे की पठाणकोट हा आजही कार्यरत तळ आहे. १९२३चा शासकीय गुपितांचा कायदा लागू आहे, तळाची छायाचित्रे घेण्यास मनाई आहे, आणि जानेवारी २०१६ मध्ये याच तळावर झालेल्या दहशतवादी हल्ल्यानंतर या निर्बंधांचे प्रयोजन कुणाला समजावून सांगण्याची गरज उरलेली नाही. अनेक हौशी मंडळी आजची उपग्रहचित्रे वापरून चालू तळांचे हुबेहूब नमुने बनवतात आणि चित्रे सार्वजनिक आहेत एवढ्यावर समाधान मानतात. हे समाधान पुरेसे नाही. चित्रात छप्पर दिसते. त्याखाली काय आहे, कोणत्या निवाऱ्यातून विमान किती वेळात धावपट्टीवर येते, दारूगोळा कुठून येतो, हे जाणकारांना विचारून भरले की मनोरंजनाची फाइल आणि टेहळणीची टिपणी यांतले अंतर कमी होत जाते. जुन्या तारखेला बांधून घेतल्याने हा प्रश्न बहुतांशी सुटतो. १९६५च्या तळासाठी लागणारी चित्रे परकीय सरकारनेच खुली केली आहेत, त्या वेळची विमाने संग्रहालयांत आणि चौथऱ्यांवर आहेत, आणि त्या काळच्या मांडणीवर पुढे इतकी बांधकामे झाली की तिच्यातून आजचे काही हाती लागत नाही. निवृत्त अधिकारी आणि कामगारही जुन्या काळाबद्दल मोकळेपणाने बोलतात, पण प्रश्न अलीकडच्या वर्षांकडे सरकू लागले की आखडते घेतात, आणि ते योग्यच आहे.

या कारणांमुळे प्रस्तुत विवेचनाची वरची मर्यादा १७ डिसेंबर १९७१, म्हणजे पश्चिम आघाडीवरच्या युद्धविरामाचा दिवस, अशी ठरवली आहे. पठाणकोटची मांडणी दोनदा दिली आहे, एकदा ६ सप्टेंबर १९६५ची आणि एकदा ३ डिसेंबर १९७१ची, आणि दोन्हींत जे चित्रात दिसले ते अखंड रेषेने व जे तर्काने भरले ते तुटक रेषेने काढण्याचा संकेत पाळला आहे. विमानांत पीएफ आणि एफएल यांचाच विचार केला आहे. ओझरलाच बांधलेले, संख्येने मोठे आणि सिम्युलेटर चालवणाऱ्यांचे आवडते असलेले बिस या मर्यादेबाहेर राहते.